गाडीच्या वहीत नाव चढवताना

सांगलीतल्या एका चौकात रस्त्याकडेला बसणाऱ्या चावीवाल्याने किल्ली दहा मिनिटांत करून दिली. जुनी किल्ली मशीनच्या एका पकडीत, कोरी दुसऱ्या पकडीत. चक्री किंचाळली, भुगा उडाला, कानशीचे दोन हात फिरले. दीडशे रुपये घेताना त्याने इमानदारीने बजावलं होतं, "काका, दार उघडंल. गाडी चालू हुईल का, ते मात्र सांगत नाही. ही सेन्सरची चावी आहे."

काका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. सात वर्षांची हॅचबॅक, दोन किल्ल्यांपैकी एक पावसाळ्यात कुठेतरी पडलेली. नव्या किल्लीने दार खरंच उघडलं. इग्निशनमध्ये घालून फिरवली, तर स्टार्टर फिरला, इंजिन क्षणभर घरघरलं आणि गप्प झालं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मीटरमध्ये एक बारकासा दिवा तेवढा लुकलुकत राहिला. सात वर्षांत तो दिवा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

खाचा तंतोतंत जुळल्या होत्या. तरी गाडीने किल्ली नाकारली, कारण तिच्या लेखी ही किल्ली कोणीच नव्हती.

रेशनकार्डाचा व्यवहार ज्याने केला आहे त्याला हे चटकन कळेल. माणूस घरात राहतो, जेवतो, हिंडतो. पण कार्डावर नाव चढलं नसेल तर दुकानदाराच्या दृष्टीने तो नाहीच. मोटारीच्या आत असंच एक कार्ड असतं. इंजिन चालवणाऱ्या संगणकाजवळ, किंवा त्याच्यातच, इमोबिलायझर नावाची यंत्रणा बसवलेली असते आणि तिच्या स्मृतीत त्या गाडीच्या किल्ल्यांची यादी असते. यादीतली किल्ली आली तर पेट्रोल आणि ठिणगी सुरू राहते. नसेल तर बंद. शोरूममध्ये जाऊन ‘डुप्लिकेट चावी’ मागणारा गिऱ्हाईक लोखंडाचा तुकडा मागतोय असं त्याला वाटत असतं. प्रत्यक्षात तो यादीत नाव चढवून मागत असतो. बिलाचा आकडा, कागदपत्रांची मागणी आणि पंधरा दिवसांची वाट या तिन्ही गोष्टींचं मूळ तिथे आहे.

हे नाव किल्लीत कुठे असतं? रिमोटवाली किल्ली नखाने उचकटली की आत एक हिरवी पट्टी दिसते, तिच्यावर नाण्यासारखा चपटा सेल. बहुतेकदा तो सीआर २०३२ जातीचा: २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. हा सगळा संसार दार उघडण्या-लावण्याच्या बटणांसाठी. गाडी चालू करण्याशी त्याचा संबंध नाही. इंजिनाची परवानगी ज्याच्याकडे आहे तो ट्रान्सपॉन्डर अनेक किल्ल्यांमध्ये वेगळाच, एका कोपऱ्यात खोचून ठेवलेला असतो: तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी काळी पाचर किंवा काचेची इवलीशी नळी. त्याला सेल लागत नाही. इग्निशनच्या भोकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. किल्ली फिरवली की त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यावरच ही पाचर जागी होते आणि आपली ओळख सांगते. ही बातचीत चार-पाच सेंटिमीटरच्या अंतरात होते. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू होते.

आणि म्हणूनच एक घोटाळा वारंवार होतो. किल्लीचं कव्हर फुटतं, माणूस दोन-तीनशे रुपयांत नवं रिकामं कव्हर मागवतो, हिरवी पट्टी आणि सेल उचलून त्यात बसवतो, जुनं कव्हर कचऱ्यात टाकतो. बटणं चालतात, दारं उघडतात, गाडी चालू होत नाही. काळी पाचर कचऱ्याच्या गाडीतून निघून गेलेली असते.

किल्लीला अशी ओळख देण्याची वेळ मुळात का आली? १८९७ मध्ये मुंबईत लालबागेत अर्देशिर गोदरेजांनी कुलपं बनवायला सुरुवात केली, तेव्हा कुलपाचं सगळं गुपित धातूच्या खाचांमध्येच असायचं, आणि त्यानंतर कित्येक दशकं मोटारींचंही तसंच होतं. खाचांची रूपं मोजकी. एका फियाटच्या झिजलेल्या किल्लीने दुसरी फियाट उघडल्याचे किस्से सांगणारे मुंबईकर आजही भेटतात, आणि ते सगळेच फेकत नसावेत. झिजलेलं कुलूप फार चिकित्सा करत नाही.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये पहिला गाजलेला उपाय केला. किल्लीच्या पात्यावर विजेचा एक छोटा रोधक बसवला. रोध बरोबर असेल तरच गाडी चालू. कल्पना नामी होती, पण रोधकाचे प्रकार अवघे पंधरा होते. चोराला फक्त पंधरा किल्ल्या आणि थोडा धीर हवा. तो बाळगणारे चोर निघालेच.

बिनसेलाच्या चिपा आल्या त्या नव्वदच्या दशकात. बर्लिनची भिंत पडल्यानंतर पश्चिम युरोपातल्या मोटारी चोरीला जाऊन पूर्वेकडे निघाल्या, विमा कंपन्यांचं कंबरडं मोडायला आलं, आणि त्यांनीच मोटार कंपन्यांमागे लकडा लावला. १९९८ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. चिपाही शिकत गेल्या. सुरुवातीच्या चिपा आपला ठरलेला आकडा घोकून दाखवत. नंतरच्या चिपांना गाडी दर वेळी नवं गणित घालते, आणि दोघींनाच ठाऊक असलेल्या गुप्त आकड्याच्या मदतीने चिपेला उत्तर काढावं लागतं. चोरून ऐकणाऱ्याच्या हाती कालचं उत्तर लागतं. आजचं गणित वेगळं असतं.

गणित कच्चं असलं की तेही सुटतं. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज इथल्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका लोकप्रिय चिपेचं ४० बिटांचं गुपित उकललं आणि तिची नक्कल करून फोर्डची गाडी चालू करून दाखवली. त्याच जातीची चिप अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांवर पैसे भरायलाही वापरत. या मंडळींनी नकली चिपेने पेट्रोलही भरून दाखवलं.

ही यंत्रणा नसली तर काय होतं, याचा धडा मात्र अगदी अलीकडचा आहे. अमेरिकेत इमोबिलायझरची सक्ती नव्हती. तिथे विकल्या गेलेल्या ह्युंदाई आणि किया कंपन्यांच्या लाखो स्वस्त मोटारींत तो बसवलाच नव्हता. अमेरिकी विमा क्षेत्रातल्या एका संस्थेच्या पाहणीनुसार २०१५ मध्ये इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर मुळातच यायचा. या दोघांच्या फक्त २६ टक्के मॉडेलांत. मिलवॉकी शहरातल्या पोरांना हे आधी उमगलं. मग टिकटॉकवर व्हिडिओ फिरले आणि २०२१-२२ मध्ये मोबाइल चार्ज करायच्या केबलचं टोक वापरून गाड्या पळवण्याची साथच आली. कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर दुरुस्ती द्यावी लागली. पाचरीएवढ्या वस्तूवर वाचवलेले पैसे असे परत गेले.

आता बटणांकडे. लांबून दार उघडण्याची चैन १९८२ च्या सुमारास रेनो कंपनीच्या फ्युएगो या मोटारीतून आली. शोधकाचं नाव पॉल लिपशुट्झ; त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून फ्रेंच लोक रिमोटला ‘प्लिप’ म्हणू लागले, आजही म्हणतात. तो रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त किरणांवर चालायचा. आताचे रेडिओलहरींवर चालतात. भारतात आणि युरोपात बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झ, अमेरिका आणि जपानमध्ये ३१५. जपानहून हौसेने मागवलेला जुना रिमोट इथल्या गाडीला न जुळण्याचं एक कारण एवढं साधं असू शकतं.

दर वेळी तोच संदेश गेला असता तर कोणीही तो टिपून पुन्हा वाजवला असता. म्हणून रिमोट आणि गाडी यांच्याकडे जणू एकाच पावतीपुस्तकाच्या दोन प्रती असतात. बटण दाबलं की पुढची पावती फाटते, कुलूपबंद होऊन हवेतून जाते, गाडी क्रमांक ताडून बघते. वापरलेली पावती पुन्हा चालत नाही. या पद्धतीतलं एक प्रसिद्ध नाव म्हणजे कीलॉक. ते ऐंशीच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत घडलं आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप या अमेरिकी कंपनीने ते एक कोटी डॉलरला विकत घेतलं. नातवाने घरात बसून उगाच बटणं दाबली तर? पावत्या पुढे सरकतात, गाडीला पत्ता नसतो. कीलॉकच्या नेहमीच्या रचनेत पुढच्या १६ पावत्यांपर्यंत गाडी कुरकुर न करता दार उघडते. त्यापुढे गेलं की एकदा दाबून उघडत नाही. लागोपाठ दोनदा दाबलं, दोन पावत्या ओळीने आल्या, की हिशेब पुन्हा जुळतो. रिमोट बिघडला म्हणून शोरूम गाठण्याआधी एवढं करून पाहायला हरकत नाही.

थोडक्यात, एका रिमोट किल्लीत तीन किल्ल्या असतात: पातं, चिप आणि रेडिओ. चावीवाल्याने पहिली करून दिली होती.

शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवरचा मुलगा नम्र होता आणि त्याची यादी लांब होती. आरसीची प्रत. मालकाचं ओळखपत्र. किल्ली हरवल्याची पोलिसांतली नोंद. सहीचा अर्ज. पूर्ण रक्कम आगाऊ. "आणि सर, गाडी घेऊन यायची. घरात असतील तेवढ्या सगळ्या चाव्या पण आणा."

"अहो, एकच राहिलीय."

"तीच. विसरू नका."

आरसी आणि ओळखपत्राचा कटकट्या आग्रह इथे योग्यच आहे. नुसता गाडीचा नंबर सांगून किल्ली मिळू लागली तर चोराला खिडकी फोडायची गरज उरणार नाही. हाच आग्रह वडिलांच्या नावावर राहिलेली गाडी वर्षानुवर्षं तशीच चालवणाऱ्या घरांना फार जाचतो. किल्ली मागायला गेल्यावर त्यांना कळतं की आधी आरसीवरचं नाव बदलायला हवं. पोलिसांतली नोंद मुंबई-पुण्यात घरबसल्या पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येते. नोंद आणि किल्ली यांच्यामधला वेळ खातं ते पातं. मालकीची खात्री पटल्यावर शोरूम १७ अक्षरांच्या चेसिस क्रमांकावरून कंपनीकडे मागणी नोंदवतं, आणि अनेक कंपन्या त्या गाडीच्या खाचा पाडूनच किल्ली पाठवतात. ती चार दिवसांत येते किंवा तीन आठवड्यांत. जॉबकार्डावर लिहिलेल्या तारखेचा आणि तिचा संबंध योगायोगाचा.

नव्या गाडीसोबत किल्लीच्या रिंगमध्ये एक छोटी पत्र्याची किंवा प्लास्टिकची चकती येते, तिच्यावर चार-पाच अक्षरांचा किल्ली क्रमांक कोरलेला असतो. खाचांची उंची त्या क्रमांकात दडलेली आहे. दोन्ही किल्ल्या हरवल्या तरी चकतीवरून पातं कापता येतं. बहुतेक लोक ती पेढे वाटतानाच कुठेतरी टाकून देतात. काही शहाणे ती दुसऱ्या किल्लीलाच अडकवून ठेवतात, म्हणजे दोन्ही एकदमच हरवायची सोय.

भाव काय? साध्या चिपेच्या किल्लीला दोन-चार हजार, रिमोटच्या उघडमीट किल्लीला साधारण पाच ते दहा हजार, बटणाने चालू होणाऱ्या गाडीच्या ‘स्मार्ट’ किल्लीला त्याहून बरेच जास्त, आणि जर्मन आलिशान मोटारींचा आकडा विचारायचा नसतो. आत जाणाऱ्या वस्तूंची किंमत याच्या आसपासही नाही. उरलेला पैसा गाडीच्या वहीपर्यंत पोचण्याच्या वाटेचा आहे, आणि ती वाट बऱ्याच अंशी कंपनीच्याच ताब्यात असते.

या ताब्यावर भारतात मोठा खटला झालेला आहे. मोटार कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, ही तक्रार २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. पुढे अपिलं झाली, दंडाच्या हिशेबावर वाद झाले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचं पोर्टलही सुरू केलं. किल्लीचा मामला मात्र या सगळ्यात अवघड. ब्रेकपॅड कोणीही विकावा, त्यात धोका नाही. किल्लीची वही कोणालाही उघडता आली तर कुलपाला अर्थ राहत नाही. अमेरिकेत यावर एक मध्यम मार्ग काढला आहे: पार्श्वभूमी तपासलेल्या, नोंदणीकृत कुलूपकारांना कंपन्या सुरक्षेचे कोड देतात, आणि प्रत्येक वापराची नोंद राहते. आपल्याकडे एकीकडे शोरूम आणि दुसरीकडे चिनी यंत्र घेऊन बसलेला हुशार चावीवाला, अशी सरळ फाळणी आहे.

हा दुसरा गडी कमी पैशांत काम करतो आणि पुष्कळदा चोख करतो. पण त्याला विचारावं: नवी किल्ली नोंदवणार की जुनीची नक्कल करणार? जुन्या चिपांचं गुपित फुटलेलं असल्याने तो कोऱ्या चिपेवर जशीच्या तशी नक्कल उतरवू शकतो. ती रेशनकार्डाची झेरॉक्स. गाडीला दोघींमधला फरक कळत नाही, त्यामुळे उद्या त्यातली एक हरवली तर तिचं एकटीचं नाव कमी करता येत नाही.

नाव कमी करणं हा या प्रकरणातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. अनेक गाड्यांत एकेक नाव खोडण्याची सोय नसते. सगळी यादी पुसायची आणि हातात असलेल्या किल्ल्या पहिल्यापासून चढवायच्या, अशी रीत. म्हणूनच काउंटरवरचा मुलगा सगळ्या किल्ल्या मागत होता. घरी राहिलेली किल्ली त्या दिवसापासून परकी ठरते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर हे काम पहिल्या आठवड्यातच करून घ्यावं. आधीच्या मालकाच्या मेव्हण्याकडे तिसरी किल्ली नाही, हे कोण सांगणार?

दुसरी किल्ली हवी ती विम्यासाठीही. गाडी चोरीला गेल्यावर दावा दाखल करताना विमा कंपनी सगळ्या मूळ किल्ल्या मागते. एकच दिली तर दुसरी कुठे गेली, गाडीतच ठेवली होती का, कोणाला दिली होती का, अशी उलटतपासणी सुरू होते. इग्निशनमध्येच किल्ली राहिलेला एक ट्रक चोरीला गेला, त्या वादात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण दावा फेटाळणं चुकीचं ठरवलं आणि ७५ टक्के रक्कम देववली. एक चतुर्थांश मात्र गेलीच. किल्ली हरवल्या दिवशी केलेली पोलिसांतली नोंद अशा वेळी उपयोगी पडते. काही कंपन्या थोड्या जादा हप्त्यात किल्लीचा वेगळा विमाही देतात. पॉलिसीची शेवटची दोन पानं कोणी वाचत नसल्याने तो आपण घेतला आहे हे पुष्कळांना माहीत नसतं.

आणि जगात किल्ल्यांचा तुटवडाही पडू शकतो. चिपांच्या टंचाईत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, टोयोटाने जपानमधल्या गिऱ्हाइकांना काही काळ दोनऐवजी एकच स्मार्ट किल्ली आणि सोबत साधी धातूची किल्ली देण्याचं जाहीर केलं होतं.

सांगलीतली किल्ली अकराव्या दिवशी आली. काम वीसेक मिनिटांचं. मेकॅनिकने आधी गाडीच्या बॅटरीला चार्जर लावला, कारण मध्येच वीज खाली गेली तर वही अर्धवट लिहून राहते. मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत वायर खोचली. लॅपटॉपवर शोरूमचा पासवर्ड, मग कंपनीकडून उतरलेला सुरक्षा कोड. जुनी यादी पुसली. जुनी किल्ली घातली, इग्निशन चालू, बंद, काढली. नवी घातली, चालू, बंद. मीटरमधला दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. पडद्यावर आकडा आला: २. काकांनी खात्री म्हणून दोन्ही किल्ल्यांनी गाडी दोन-दोनदा चालू करून पाहिली. मेकॅनिकने काही न बोलता वाट पाहिली. सगळेच तसं करतात.

हरवलेली किल्ली ऑक्टोबरात सापडली. रेनकोट घडी करून माळ्यावर टाकताना आतल्या खिशात काहीतरी टणक लागलं. काका तडक खाली गेले. बटण दाबलं, गाडीने लक्ष दिलं नाही. पातं घालून दार उघडलं, कारण खाचा त्याच होत्या. इग्निशनमध्ये फिरवली, इंजिन क्षणभर घरघरलं आणि गप्प झालं. चावीवाल्याच्या दीडशे रुपयांच्या किल्लीने केलं होतं, अगदी तसंच.

सोमवारी ते तिन्ही किल्ल्या घेऊन पुन्हा शोरूमला गेले. या खेपेला फक्त प्रोग्रॅमिंगचे पैसे पडले.